तालुक्याच्या गावात फिल्म फेस्टिव्हल भरवायचाय? आधी काळं कापड आणा

मी अमळनेरला लग्नाचं शूटिंग करतो. एकवीस वर्षं झाली. २०१८ पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडून, आम्ही पाच-सहा जण दर जानेवारीत दोन दिवसांचा लघुपट महोत्सव भरवतो. खान्देशातल्या पोरापोरींनी केलेल्या फिल्म, खान्देशातल्याच लोकांसमोर. आता आजूबाजूच्या तालुक्यांतून फोन येतात, "भाऊ, आमले बी करनं शे, कसं करूत?" प्रत्येकाला तासभर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते आधी ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. जमलेल्या पैशातला निम्मा ट्रॉफ्या, शाली, फ्लेक्स आणि सर्टिफिकेटांवर गेला. हॉल होता मंगल कार्यालयाचा. वर सहा झरोके, त्यांना काचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पारोळ्याकडच्या एका पोराची फिल्म लागली. विहिरीवर रात्री पाणी भरायला जाणाऱ्या बाईची गोष्ट. अख्खी फिल्म रात्रीची, आणि हॉलमध्ये लख्ख ऊन! पडद्यावर करड्या डागापलीकडे काही दिसेना. पोराचे वडील टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. फिल्म संपल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सरी गया का?" म्हणजे, संपलं का? त्या पोराने आठ महिने घालवले होते. त्याला मी ट्रॉफी दिली, पण त्याच्या बापाला फिल्म दाखवू शकलो नाही.

तेव्हापासून आमचा हिशोब उलटा झाला. आधी अंधार, मग आवाज, मग बाकीचं. ट्रॉफी आम्ही बंदच केली.

तारीख

आपल्याकडे उन्हाळ्याचा विचारच करू नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो, पंखे लावले की आवाज ऐकू येत नाही आणि बंद केले की माणसं उठून जातात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, पुढे लगीनसराई (त्यात तर माझाच धंदा असतो), फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा. मधे उरतो जानेवारी. संक्रांत झाली की पुढचा शनिवार-रविवार धरायचा.

एक गोष्ट शहरातल्या माणसाला सुचणार नाही. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीने असते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. ज्या दिवशी रात्रीची पाळी, त्या दिवशी गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला निम्मी माणसं शेतात. संध्याकाळचा शो रिकामा जातो. वायरमनला आधी विचारा. आणि शेवटचा शो अशा वेळी संपवा की खेड्यावरच्या लोकांना मुक्कामी एसटी सापडेल. गाडी चुकायची वेळ आली की लोक फिल्मच्या अर्ध्यात उठतात, त्यांचा दोष नाही.

अंधार आणि आवाज

मंडपवाल्याकडे सगळं असतं, फक्त काळं कापड नसतं. लग्नाला काळं कोण लावणार? गुलाबी झालरी, पांढरी छतं, सोनेरी पडदे, हे सगळं उजेड परत फेकतं. आमच्या मंडपवाल्याने ते खास आमच्यासाठी आणलं, आणि मागच्या वेळेपर्यंत आम्ही त्याच्याकडून भाड्याने घ्यायचो. झरोके, दरवाज्यांच्या फटी आणि पडद्याच्या दोन्ही बाजूची भिंत एवढं झाकलं की पुष्कळ. दाराला एक पडदा पुरत नाही, दोन लावा, हातभर अंतर ठेवून, म्हणजे कोणी आत आला तरी उजेडाची तिरीप पडद्यावर जात नाही. तपासणी सोपी आहे: ज्या वेळेला शो आहे त्याच वेळेला, आदल्या दिवशी, मधल्या रांगेत पेपर उघडा. बातमीचं बारीक अक्षर वाचता आलं तर अजून कापड लागेल.

आवाजाचं जास्त अवघड. आपल्या गावचा साऊंडवाला हा वरातीचा माणूस. त्याचं प्रेम बेसवर. फिल्ममध्ये मात्र बाई हळू आवाजात "जेवलास का?" म्हणते, ते शेवटच्या रांगेला कळायला पाहिजे. त्याला सांगायचं, भाऊ, सबवूफर गाडीतच राहू दे. फक्त दोन टॉप (संवादाचे वरचे स्पीकर) आण, पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, आणि तोंड मधल्या रांगांकडे. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात स्पीकर नकोत. माणूस पडद्यावर बोलतो आणि आवाज पाठीतून येतो.

मंगल कार्यालयाला खाली चकचकीत फरशी, भिंतीला टाईल्स, त्यामुळे आवाज घुमतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीची शेपटी ऐकू आली की समजा संवाद कळणार नाहीत. उपाय मंडपवाल्याकडेच आहे. मागच्या भिंतीला लग्नातल्या गाद्या उभ्या करा, खाली सतरंज्या टाका, बाजूला जाड कनात सोडा. आम्ही चाळीस गाद्या लावतो. दिसायला हॉल गोडाऊनसारखा दिसतो, पण टाळी कोरडी होते. माणसं भरली की आवाज आणखी शोषला जातो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये लावलेला व्हॉल्यूम शो सुरू झाल्यावर थोडा वाढवावा लागतो.

प्रोजेक्टर बारा फुटी पडद्याला ५००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) घ्या. त्याहून कमीवाला शाळेच्या वर्गात चालतो. एचडीएमआय केबल लांब ओढू नका, पंधरा मीटरच्या पुढे साधी केबल भरवशाची नसते. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा आणि त्याऐवजी आवाजाची एक्सएलआर केबल लांब न्या, ती कितीही ओढली तरी कुरकुरत नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून 'हूं' ऐकू येतो, त्यासाठी साऊंडवाल्याकडे डीआय बॉक्स असतो, तो आठवणीने मागा. अपडेट, नोटिफिकेशन, स्क्रीनसेव्हर, इंटरनेट, सगळं बंद. आमच्या एका शोमध्ये भर रडण्याच्या सीनला पडद्याच्या कोपऱ्यात कोणाच्यातरी मेव्हण्याचा 'गुड मॉर्निंग' उमटला होता.

आणि लाईट. ती जाणारच. दिव्याचा प्रोजेक्टर एकदा बंद पडला की लाईट दहा सेकंदांत आली तरी दिवा गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, तीन-चार मिनिटं जातात. तेवढ्यात पोरं शिट्ट्या मारतात, बायका निघायला लागतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला यूपीएस लावा. जनरेटर हॉलपासून लांब, भिंतीच्या पलीकडे.

फिल्म मागवणं

'स्थानिक' म्हणजे कोण, यावर पहिल्या मीटिंगमध्ये भांडण होतं. आमचं दोन मीटिंग चाललं. आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे, एवढं म्हटलं तर बागलाण आणि मालेगाव सुटतात, जिथे घराघरात अहिराणी बोलतात. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, नंदुरबार धुळ्यातून १९९८ ला वेगळं झालं. सरकारी रेषा बदलत राहतात, त्यांच्यामागे किती पळणार? आमचा नियम: करणारा इथे जन्मलेला किंवा राहणारा असावा, नाहीतर फिल्म इथल्या बोलीत असावी. तिन्हींपैकी एक चालेल. पुण्यात नोकरी करणारा पण यावलच्या मातीचा पोरगा आत येतो. मालेगाव तर आलंच पाहिजे. हातमाग-यंत्रमागाच्या त्या गावाने घरच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा सिनेमा उभा केला, आपल्याला शिकवण्याइतकं त्यांच्याकडे आहे.

फॉर्ममध्ये भाषेच्या रकान्यात नुसतं 'मराठी' ठेवू नका. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, मावची, तडवी, गुजर बोली असं लिहा आणि शेवटी एक रिकामी जागा सोडा. हा रकाना पाहिल्यावर लोक मला फोन करून विचारायचे, "आमच्या बोलीत चालतं का?" हे विचारावं लागतं यातच सगळं आलं.

पोस्टर कॉलेजात लावून भागत नाही. कलर लॅबमध्ये लावा, कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात लावा, एसटी स्टँडवर लावा. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारी मंडळी गाठा. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, ड्रोन आहे, नाचणारी पोरं आहेत, एडिटिंगला बसणारा आहे. दहा मिनिटांची गोष्ट सांगायला कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्याकडच्या चांगल्या फिल्मपैकी दोन अशा गाण्यावाल्यांनी केल्यात.

खान्देशातल्यांना फी नाही. बाहेरच्यांकडून थोडी घ्या, नाहीतर जगभरातून ऑनलाइन प्रवेशिकांचा ढीग येतो आणि त्यात आपला साक्रीचा पोरगा बुडतो. फॉर्ममध्ये एक प्रश्न नक्की टाका: पार्श्वसंगीत कोणाचं? हिंदी सिनेमातलं गाणं उचलून लावलेलं असेल तर आम्ही फिल्म परत पाठवतो, गाणं काढून आण म्हणतो. नव्वद टक्के वेळा त्या गाण्याशिवाय फिल्म चांगलीच होते.

निवड, आणि नकाराचं पत्र

तीन जण बघतात, त्यातले दोन गावाबाहेरचे. गावातला माणूस एकच, कारण गावात नाती असतात आणि ती नकाराला आडवी येतात. मोबाईलवर बघायचं नाही, टीव्हीवर बघायचं, पूर्ण बघायचं. बारा मिनिटांची फिल्म तीन मिनिटांत बंद करणाऱ्याला आम्ही पुढच्या वर्षी बोलावत नाही.

ज्यांची फिल्म घेत नाही त्यांना पत्र जातं. महोत्सवातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मला हेच वाटतं. 'आपली फिल्म निवडली गेली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा' असलं पत्र पाठवायचं असेल तर नका पाठवू. आम्ही नंदुरबारकडच्या एका मुलीला लिहिलेलं पत्र असं होतं:

"ताई, फिल्म तिघांनीही पूर्ण पाहिली. आजी कपाशीच्या काड्यांची मोळी बांधते तो सीन आम्हाला फार आवडला, तिचे हात तू घाई न करता दाखवलेस. पण पुढे शहरातल्या मुलाचे फोनवरचे संवाद ऐकू येत नाहीत, आणि गोष्ट तिथेच कळायची आहे. मोबाईलने शूट केलंस तरी चालेल, पण कॉलरला लावायचा साधा माईक घे. सहाव्या मिनिटाला गोष्ट संपते, पुढची चार मिनिटं नको होती. पुढच्या वर्षी वाट बघतो."

दुसऱ्या वर्षी तिची वेगळी फिल्म आली. सात मिनिटांची. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

परवानग्या

ही कंटाळवाणी बाजू लवकर उरकतो, पण टाळू नका. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे, त्यानुसार जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. लघुपटवाल्यांकडे ते बहुतेक नसतं. महोत्सवासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते. अर्जासोबत फिल्मची यादी, प्रत्येकीचा सारांश, निवड समितीची माहिती द्यावी लागते, म्हणून यादी किमान दोन महिने आधी पक्की करा. सूट मिळालेल्या फिल्म नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसाठी असतात, तेव्हा दारावर तिकीट फाडायचं नाही. आधी नाव नोंदवून पास द्यायचा. आम्ही पास साध्या कार्डशीटवर छापतो आणि नाव हाताने लिहितो. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचं नाव लिहिलेला पास फार आवडतो, जपून ठेवतात.

पोलीस स्टेशनला पत्र, आणि उघड्यावर शो असेल तर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद.

फाईल तपासल्याशिवाय झोपू नका

दुसऱ्या वर्षीचा घोळ. चाळीसगावच्या पोराने फिल्मचा आवाज मुंबईच्या स्टुडिओत ५.१ मध्ये, म्हणजे सहा वेगळ्या स्पीकरसाठी, करून घेतला होता, उधारीवर. आम्ही लॅपटॉपला दोन स्पीकर जोडून लावली. चिमण्या ऐकू येतात, ट्रॅक्टर ऐकू येतो, पण आई नुसते ओठ हलवते! ५.१ मध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात आणि आमच्या जोडणीत ते चॅनेलच गळालं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "काय बोली राहिनी ती? काहीच समजत नही!" पोरगा उठून बाहेर गेला. त्याला मी चहाच्या टपरीवर गाठलं, माफी मागितली, आणि संध्याकाळी त्याच्याकडून स्टिरिओची फाईल घेऊन पुन्हा लावली. तेव्हा निम्मीच माणसं होती.

म्हणून आता आम्ही मागतानाच सांगतो: एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, आवाज स्टिरिओ. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर परवानगी उघडी ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही आणि हे लोकांना रात्री अकराला कळतं. पावरी आणि भिलीतल्या फिल्मना मराठी सबटायटल लागतं. ते वेगळ्या फाईलमध्ये दिलं तर कधीकधी जोडाक्षरं तुटतात, 'प्रश्न'चा 'प्‌रश्‌न' होतो, म्हणून चित्रातच छापून आणायला सांगा, आणि अक्षर मोठं. आदल्या रात्री त्याच लॅपटॉपवर, त्याच स्पीकरवर प्रत्येक फिल्मची पहिली दोन, मधली दोन आणि शेवटची दोन मिनिटं चालवायची. बावीस फिल्मना अडीच-तीन तास जातात. तेवढं जागे राहा.

पाहुणे

पहिल्या वर्षी उद्घाटनाला एक मोठे पाहुणे सकाळी दहाला येणार होते, साडेबाराला आले. दोन शो गेले. आता उद्घाटन पहिल्या फिल्मनंतर असतं. पाहुणे वेळेवर आले तर फिल्म बघतात, नाही आले तर फिल्म थांबत नाही. दिवाही आम्ही वेगळ्याच माणसाकडून लावून घेतला एकदा. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा भरते. तिथे आणि आसपासच्या यात्रांमध्ये तंबूतल्या टॉकीजला मशीन चालवणारे एक बाबा होते, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सांगितलं, पूर्वी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचे, कांड्या जळून आखूड होत, त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत राहावं लागे, नजर काढली की पडदा पिवळा. आमच्या प्रोजेक्टरवर त्यांनी हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "येले काहीच करनं पडत नही का?" मग दिवसभर मशीनजवळच खुर्ची टाकून बसले.

प्रत्येक फिल्मनंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. माईक प्रेक्षकाच्या हातात देऊ नका, आपल्या पोराने धरायचा आणि प्रश्न संपला की काढून घ्यायचा. नाहीतर गावातले तीन वक्ते ठरलेले असतात.

पैसे

मागच्या वेळचा हिशोब: हॉल २०,०००, प्रोजेक्टर आणि पडदा १६,०००, साऊंड १४,०००, जनरेटर आणि डिझेल ६,०००, काळं कापड ३,५००, छपाई ३,०००, बाहेरच्या दोन परीक्षकांचा प्रवास ७,५००, जेवण आणि चहा २४,०००. एकूण ९४,०००. बियाणेवाले, सराफ, कलर लॅब, दोन डॉक्टर यांच्याकडून जमतात. अट एकच: बोर्ड गेटवर लागेल, पडद्यावर जाहिरात नाही. एका दुकानदाराने यावरून पैसे परत मागितले, दिले.

जेवणाचा आकडा मोठा वाटेल, तो कमी करू नका. जानेवारी म्हणजे भरताचे दिवस. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दुसऱ्या दिवशी शेवभाजी. सगळे एकाच पंगतीत. धडगावहून पहाटे निघालेली पोरं आणि मालेगावचा कॅमेरामन शेजारी बसले, तर पुढची फिल्म तिथेच ठरते. आमच्याकडे एक ठरली. कॅमेरा याचा, गोष्ट त्यांची, आणि माईक माझा नेला, तो अजून परत यायचा आहे.

संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला कळवा: तुझ्या फिल्मला किती माणसं होती, कुठे हसली, कुठे उठून गेली. आम्ही एका पोरीला मागे वही घेऊन बसवतो, ती हेच लिहिते.

मंडपवाल्याचे पैसे आधी द्या, पुढच्या वर्षी गाद्या लागतात. काळं कापड परत करायला गेलो तेव्हा तो घडी घालत म्हणाला, "भाऊ, हे तुमच्याशिवाय कोणी नेत नाही. घरीच घेऊन जा, भाडं तर तीन वेळा फिटलं." आता ते माझ्या स्टुडिओच्या माळ्यावर आहे. शंभर मीटर. कोणाला जानेवारी सोडून लागलं तर घेऊन जा, फक्त धुऊन आणा.